पेजेच्या तळाची शितं

डॉक्टरांनी छातीवरचा स्टेथोस्कोप काढून गळ्यात अडकवला आणि म्हणाले, "मास्तर, इन्फ्लुएन्झा गेला. आता तुमची उपासमार झालीय."

इन्फ्लुएन्झा म्हणजे आपला साथीचा ताप. सर्दी-खोकल्यानं सुरू होतो आणि अंग मोडून काढतो. माझा नऊ दिवसांत उतरला होता. त्यालाही आता तीन आठवडे होत आले, तरी सापगावाहून शहापूरच्या दवाखान्यात मला बैलगाडीत पेंढ्यावर निजवून आणावं लागलं. मागच्या दारी जायचं तर दोघांचे खांदे लागत. शाळेला कुलूप होतं. आपण काही आता उठत नाही, हे मी मनाशी धरलंच होतं आणि खरं सांगायचं तर त्याचंही फारसं काही वाटेनासं झालं होतं. तापापेक्षा हा कंटाळा वाईट.

उपासमार हा शब्द अक्काला झोंबला. अक्का माझी थोरली बहीण. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच मानमोडीच्या, म्हणजे अठरा सालच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत विधवा होऊन माहेरी आली. आई गेल्यावर मला तिनंच लहानाचं मोठं केलं. लढाईच्या दिवसांत तांदूळ मिळायची मारामार, तरी भावाची पेज एक दिवस चुकवली नाही, असं तिनं ठसक्यात सांगितलं.

पेज कशी देता, डॉक्टरांनी विचारलं. फडक्यातून गाळून, वरची निवळ तेवढी, अक्का म्हणाली. एक शीत म्हणून जाऊ देत नाय.

"आणि शितं?"

"गायीला घालते."

आमची गाय त्या महिन्यात अंगानं चांगली सुटली होती, हे मला तेव्हा आठवलं.

ताप उतरल्यानंतरच्या काळाला डॉक्टर कॉन्व्हलेसन्स म्हणाले. म्हणजे झिजलेलं अंग भरून यायचे दिवस. या दिवसांत लंघन नाही. दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं. शितांसकट पेज, मुगाचं वरण, नाचणीची आंबील, अंडं, सोसेल तसं सुक्या जवळ्याचं कालवण.

अक्का ऐकत होती, पण मान हलवत नव्हती. शेवटी खाली बघत म्हणाली, "डाक्तर, मानमोडीत त्यांचा ताप उतरला आन् त्यांनी भात मागितला. मीच वाढला. दिवस मावळायच्या आत गेले."

चोवीस वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. भाताच्या मुलखात राहून अक्का भाताला शिवत नसे, भाकरीवर राही. आम्ही ते विधवेचं व्रत समजत होतो.

डॉक्टर म्हणाले, "बाई, त्या साथीत फुप्फुसं भरून माणसं गेली. न्युमोनिया म्हणतात त्याला. ताप उतरल्यासारखा वाटायचा आणि माणूस जायचा. भातानं नाही गेले ते. उपाशी गेले नाहीत, एवढं तुम्ही केलंत."

आम्ही परतलो. घरी पेज शिजली आणि सवयीनं तिनं फडकं हातात घेतलंच. मला बोलायचाही शीण होत होता. म्हटलं, "अक्का, मरायचंच असेल तर भात खाऊन मरू दे. पाण्यावर नको."

तिनं पळी तळाशी घातली. मी जेमतेम पाच-सहा घोट घेतले. मग ती समोर बसून माझ्या छातीकडे बघत राहिली. गाय हंबरली तरी उठली नाही.

शाळेचं कुलूप मी दीड महिन्यानं स्वतःच्या हातानं काढलं. तुमच्या घरी कुणी असं दुखण्यातून उठत असेल, तर त्याला खायला घाला. आणि कुणी घालू देत नसेल, तर त्याच्यावर रागावू नका. ते माणूस बहुधा घाबरलेलं असतं. कशाला भितं, ते आधी विचारा. मला ते चोवीस वर्षं सुचलं नाही.

ती पहिली शितं खाल्ली त्या दिवशी दिवस मावळला. मी म्हणालो, "अक्का, भूक लागली."

ती रडली. मग उरलेली पेज तिनं शितांसकट दोन वाडग्यांत वाढली.