नवऱ्याने विषारी मासा खाल्ला

मंडळी, कुणाला तरी सांगायलाच हवं.

माझा नवरा संदीप कंपनीच्या कामासाठी ओसाकाला गेलाय. आज सकाळी अकराला, म्हणजे तिथल्या संध्याकाळी, त्याचा हॉटेलवरून इथे जर्मनीत ड्युसेलडॉर्फला फोन आला. "क्लायंट रात्री फुगू खायला नेताहेत. विषारी मासा असतो, पण आचाऱ्याला खास लायसन्स लागतं. काळजी करू नकोस."

मी लगेच इंटरनेटवर वाचलं आणि पस्तावले. आधी ओठ बधिर होतात, मग श्वास बंद पडतो. त्यावर उतारा नाही.

त्याचा मोबाइल जपानमध्ये चालत नाही. मी दर दहा मिनिटांनी हॉटेलवर फोन करत राहिले.

"सारखा कुणाला फोन गं?" सासूबाईंनी विचारलं. त्या महिनाभर इथे आल्यात.

"इमारतीची देखभाल बघणाऱ्या हाउसमाइस्टरला, आई. हीटर बिघडलाय." मी खोटं बोलले.

अडीचला संदीप खोलीवर सापडला. "अगं, काही चवच नसते त्याला!"

"मग तो विषारी मासा खाल्लास कशाला?"

"मलाही भीती वाटत होती. पण त्यांचे साहेब स्वतः वाढत होते. नाही कसं म्हणणार?"

मी रागाने फोन आपटला. मागे सासूबाई उभ्या होत्या. फोन स्पीकरवर होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पाहुणचाराला नाही म्हणायचं नाही, हे मीच शिकवलं त्याला," एवढंच त्या म्हणाल्या.

तुम्ही त्याच्या जागी असतात तर नाही म्हणाला असतात का? खरं सांगा.