कॉम्प्युटरची राखण आणि एक बारसं

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा त्याची सगळ्यात जास्त काळजी ज्या माणसाने घेतली, त्याला तो चालवता येत नव्हता. तो माणूस म्हणजे माझे बाबा.

बाबा नागभीड स्टेशनवर सांधेवाले होते. कोणती गाडी कोणत्या रुळावर घ्यायची त्याप्रमाणे सांधा बदलायचा, आणि वरून हुकूम नसेल तर कुणाच्या बापालाही आत घ्यायचं नाही, हेच त्यांनी अख्खी नोकरी केलं. निवृत्त झाल्यावर हात रिकामे झाले. काही दिवस परसातल्या वांग्यांवर राज्य करून झालं. मग ते आईच्या भाजीत मीठ किती पडतं ते बघायला लागले, तेव्हा आईने त्यांना स्वयंपाकघरातून हाकललं. त्यानंतर कॉम्प्युटर त्यांच्या तावडीत सापडला.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट असेल. दादाला मस्कतला नोकरी लागली आणि वहिनीलाही तो सोबत घेऊन गेला. मी तेव्हा जवळच्या खेड्यातल्या शाळेवर शिकवत होते आणि आईबाबांजवळच राहत होते. परदेशी फोन महाग पडतो, म्हणून जाण्याआधी दादाने कॉम्प्युटर घेऊन दिला. फोनची वायर त्याच्या पाठीत खुपसायची, तो थोडा वेळ किंचाळायचा, मग एकदाचं इंटरनेट लागायचं आणि रविवारी दादाशी बोलता यायचं. बोलणं तुटक असायचं, पण असायचं.

कॉम्प्युटर बसवायला ब्रह्मपुरीहून एक कॉम्प्युटरवाला आला होता. हुशार होता, पण बोलायला लागला की थांबायचा नाही. जाताना चहा पिता पिता त्याने बाबांना स्पायवेअर समजावलं.

"म्हणजे हेरच समजा भाऊ. चुपचाप आत येऊन बसते, तुम्ही काय टाइप करून राह्यले ते पाहते, अन् बाहेर कळवते."

"कोनाले कळवते?" बाबांनी विचारलं.

"ते आपल्याले समजत नाई ना! म्हणून एक ध्यानात ठेवा. कोणतीही खिडकी आली अन् काही विचारलं, का 'नो' दाबायचं. डोळे मिटून नो."

तो चहा पिऊन निघून गेला. त्याला कल्पना नव्हती की त्याने एका सांधेवाल्याला हुकूम दिला आहे.

दुसऱ्या दिवसापासून बाबांची खुर्ची कॉम्प्युटरशेजारी लागली. पासवर्ड त्यांनी ठेवला आणि तो मलाही सांगितला नाही. मला काही काम असलं की मी त्यांना हाक मारायची, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, आणि ते एका बोटाने एकेक अक्षर शोधत पासवर्ड घालायचे. मध्येच एखादं अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. शाळेची प्रश्नपत्रिका टाइप करण्यापेक्षा भिंत पाहण्यातच माझा जास्त वेळ जायचा. मी चिडायची. ते म्हणायचे, "चीड, पण तिकडे पाहून चीड."

शेजारच्या बाईंचा जावई एकदा लग्नातल्या फोटोंची सीडी घेऊन आला. बाबांनी त्याला दारातच थांबवलं. "पाहुणे, तुम्ही या. सीडीले लाइन क्लिअर नाई." जावई आत बसून चिवडा खात होता आणि सीडी बाहेर ओसरीवर, चपलांच्या शेजारी. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही.

पण खोटं कशाला बोलू, त्यांची अक्कल पुष्कळदा बरोबर चालायची. इंटरनेट लावलं की खिडक्या उघडायच्या: तुम्हाला मोटार लागली, तुम्ही हजारावे पाहुणे आहात, इथे दाबा. मी म्हटलं, दाबून तर पाहू. बाबा म्हणाले, "मी तिकीटच घेतलो नाई, तर मोटार कशी लागंन वं?" आणि नो. अनोळखी पत्त्यावरून आलेलं पत्र ते मला उघडू देत नसत. आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरवर त्या वर्षी काय काय बसलं होतं ते पाहता, बाबा शाळेत शिपाई म्हणून असते तर फार बरं झालं असतं.

अशात दादाला मुलगा झाला. पोर लहान, दादाला रजा नाही. त्यामुळे वर्षभर तरी ते येणार नव्हते. आईने नातवाला पाहिलंच नव्हतं. पहिला नातू, आणि त्याचं रंगरूप तिला फोनवर ऐकून समजून घ्यावं लागत होतं. ती वहिनीला दर वेळी तेच विचारायची, "नाक कोनाचं आहे? कपाळ कोनाचं?" वहिनी सांगून सांगून थकली.

बारशाचा विषय निघाला तेव्हा आईने स्पष्ट सांगितलं, "नाव आत्यानंच ठेवायचं. आत्या चांगली धडधाकट असताना तिथली कोनी परकी बाई काऊन कानात बोलंन?" म्हणून असं ठरलं की दादा तिकडे हेडफोन बाळाच्या कानाला लावणार, मी इकडून माइकमध्ये 'कुर्र' करून नाव सांगणार, आणि बाळ कॅमेऱ्यातून आईला दिसणार. रविवार सकाळचा मुहूर्त धरला. विहारातल्या चारचौघी बायकांना बोलावणं गेलं. आईने घुगऱ्यांसाठी हरभरे आणले.

नाव मी ठरवून ठेवलं होतं आणि ते कुणालाही सांगितलं नव्हतं. इथेही लिहीत नाही. भाचा आता मोठा झाला आहे आणि आपलं नाव कुठे लिहू द्यायचं ह्या बाबतीत तो आजोबांवर गेला आहे. दादाला मात्र दम निघत नव्हता. एकदा त्याने टाइप करून विचारलं, 'सांग ना, काय ठेवतेस?' मला मोह झाला. पहिलं अक्षर दाबणार एवढ्यात मागून बाबा ओरडले, "टाइप नको करू! बाळाच्या आधी त्या हेरालेच नाव समजंन!"

मी हसले, पण टाइप केलं नाही. ज्याचं नाव त्याने सगळ्यांच्या आधी ऐकावं, हे मला पटलं.

बारशाच्या दोन दिवस आधी मी इंटरनेट लावलं आणि पहिलंच पान भलतं उघडलं. अर्ध्या कपड्यातल्या एका गोऱ्या बाईने आमच्या बैठकीत हात हलवला. बाबांनी घाईघाईने नो दाबलं. तिच्या दोन बहिणी आल्या. पुन्हा नो, तर जुगाराचं काहीतरी आलं. खिडकीवर खिडकी चढत गेली, माउस हलेना. दादाचा आवाज लागला तो तुकड्या-तुकड्यांनी, आणि तोही मधेच बंद पडला.

"नो म्हणून राह्यलो तरी आत येते!" बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा मला पाहवेना. नो म्हटल्यावर न थांबणारं असं काही त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आई पदराला हात पुसत आली. "रविवारी दिसंन ना पोट्टं?"  मग ती बाबांकडे वळून म्हणाली, "मले नातवाले पाहाचं आहे. तुमची राखण घाला चुलीत." आणि आत जाऊन भांडी आपटायला लागली. मला फार वाईट वाटलं. दोघांचंही.

शनिवारी सकाळीच कॉम्प्युटरवाला मोटारसायकलवर आला. खिडक्या पाहिल्या, काही बटणं दाबली आणि बाबांकडे वळला.

"भाऊ, ह्यात अँटीव्हायरस टाकून देलतो मी. खाली कोपऱ्यात एक ढालीचं चित्र असलेली खिडकी येत होती का?"

"रोज येत होती. नवीन माल आणू का, म्हणून विचारत होती."

"मग तुम्ही काय केलं?"

"नो दाबलो."

"रोज?"

"एकही दिवस चुकलो नाई," बाबा अभिमानाने म्हणाले.

कॉम्प्युटरवाल्याने कपाळावर हात मारला. "अरे भाऊ, काऊन?"

"काऊन म्हणजे? तूच सांगितला. कोणतीही खिडकी. डोळे मिटून. ढालवालीले सोडून, असं तू म्हटला का?"

 मला हसू आवरेना, आणि त्या दोघांपैकी कुणालाच ते आवडलं नाही. मग तो जरा नरमला आणि नीट सांगायला लागला. अँटीव्हायरस म्हणजे दारावरचा पहारेकरी. चोरांचे फोटो असतील तरच तो चोर ओळखणार. चोर रोज नवे निघतात, म्हणून फोटोही रोज नवे यावे लागतात. ढालवाली खिडकी ते फोटो घेऊन येत होती आणि आमच्या दारातून रोज परत जात होती.

 बाबा म्हणाले, "म्हणजे पाळी बदलायले आलेल्या माणसालेच मी आत घेतलो नाई."

कॉम्प्युटरवाल्याने सोबतच्या सीडीवरून पुष्कळ घाण काढली. त्या बाया गेल्या. पण नवे फोटो इंटरनेटवरूनच उतरवून घ्यायचे होते, आणि आमच्या लाइनवर त्याला सारी दुपार लागणार होती. "मधात कोणी आतल्या खोलीतला फोन उचलला का लाइन तुटन, अन् पुन्हा सुरुवातीपासून," असं बजावून तो पुढच्या गावी गेला.

बाबा उठले. आतल्या खोलीत फोन होता तिथे स्टूल ओढलं, बसले, आणि रिसीव्हरवर हात ठेवला.

आईला गोंडपिपरीच्या मावशीला फोन करायचा होता. "हात नको लावू," बाबा म्हणाले. शेजारच्या बाई गिरणीवाल्याला फोन करायला आल्या. "गिरणीत जाऊन या," बाबा म्हणाले. मी बाहेरून टक्के ओरडून सांगत होते आणि ते आतून "हं" म्हणत होते. अर्ध्याच्या वर गेलं आणि वीज गेली. भारनियमनाची वेळ आम्ही गडबडीत विसरलोच होतो. वीज येईपर्यंत मी अंगणात येरझारा घातल्या, पण बाबा फोनवरचा हात काढेनात. जेवणाचं ताट तिथेच द्यावं लागलं. वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि दिवेलागणीला एकदाचं पुरं झालं. शेवटी ढालवाली खिडकी आली आणि विचारलं, बसवू का? मी बाबांना हाक मारली. ते आले, चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिलं.

"यस दाबू?"

"दाबा."

त्या कॉम्प्युटरवर त्यांनी दाबलेलं ते पहिलं यस.

रविवारी सकाळी बैठक बायकांनी भरली. त्रिसरण-पंचशील झालं. मी फोनची वायर लावली. बाबा तेव्हाही आतल्या खोलीत, फोनजवळ. मी म्हटलं, "बाबा, या ना, सगळ्यांना माहीत आहे, कोणी नाही उचलणार." ते म्हणाले, "तू तुझं पाह्य."

कॉम्प्युटर किंचाळला, दादाचा आवाज आला, आणि मग हळूहळू चित्र. आधी नुसते चौकोन. आई पडद्याला नाक लावून बसली होती. "नाक कुठी आहे वं?" चौकोन जुळत गेले आणि त्यातून एक टोपडं घातलेलं डोकं झालं, मिटलेले डोळे झाले, एक मूठ झाली.  आई म्हणाली, "कपाळ माह्या पोराचं आहे," आणि रडायला लागली. बायकाही रडल्या. मी रडणार नाही असं ठरवलं होतं. ते काही जमलं नाही.

"लाव कानाला," मी दादाला सांगितलं. पडद्यावर हेडफोन टोपड्याजवळ सरकला. मी माइक तोंडाजवळ धरला. माझ्या मागे बायका उभ्या राहिल्या, रीतीप्रमाणे, मुठी वळून. मी कुर्रर्र केलं आणि अगदी हळू, खरोखरच बाळाच्या कानाशी वाकल्यासारखं, नाव सांगितलं.

आणि पाठीत बुक्के बसले! शेजारच्या बाईंनी तर जावयाच्या सीडीचा सगळा हिशेब चुकता केला. मी टेबलावर आदळले, कॉम्प्युटर हलला, आणि त्याच्या पाठीतली वायर निघून खाली पडली. पडद्यावरचं बाळ तसंच्या तसं थिजलं. मग तेही गेलं.

 "पोचलं का वं नाव?" आईने विचारलं. मला काय माहीत! मी इतकं हळू बोलले होते की मागच्या बायकांनाही ऐकू आलं नव्हतं. दोन दिवस जीव काढून हेर हाकलले, आणि नाव बिचारं अरबी समुद्रात कुठे पडलं कुणास ठाऊक. मी वायर शोधायला टेबलाखाली शिरले. 

तेवढ्यात आत फोन वाजला.

आम्ही सगळ्या दारात जाऊन उभ्या राहिलो. बाबा स्टुलावरच होते, रिसीव्हरवर हात ठेवून. आणि तो हात काढावा की नाही हे त्यांना कळत नव्हतं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की ह्या सगळ्यात बाबांनी नातवाला पाहिलंच नव्हतं.

"उचला ना," आई म्हणाली.

त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. पलीकडे दादा काहीतरी भराभर बोलत असणार. "हाव," बाबा म्हणाले. "हाव. काय ठेवलं म्हणतो?" ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "त्याच्या कानाला लाव."

आणि त्यांनी ते नाव घेतलं. मी कुणालाच न सांगितलेलं नाव. आधी चाचरत, मग जरा मोठ्याने, मग रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून, एकामागून एक हाका. आई "मलेही द्या, मलेही द्या" म्हणत त्यांची बाही ओढत होती, पण त्यांनी काही फोन सोडला नाही.