आमच्या दाजींची चालती उमेदवारी

आमच्या दाजींना निवांत बसलेलं पाहिलं असं शपथेवर सांगणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात निघणार नाही, आणि निघालाच तर दाजींनी त्याची उलटतपासणी घेऊन त्याला खोटा पाडला असता, तीही उभ्यानंच. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. गेवराईला वकिली करायचे. जेवताना पाटावर टेकत, पण एक गुडघा वर, केव्हाही उठायच्या बेतात. अक्का भाकरी आणायला चुलीकडे वळली की हे अंगणाला एक फेरी मारून आलेले असत. स्वतःच्या लग्नात सप्तपदी तेवढी त्यांना मनापासून आवडली, बाकीच्या विधींना भटजींनी त्यांच्या उपरण्यावर गुडघा दाबून ठेवला होता, असं अक्का सांगायची. कोर्टात ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत मुद्दे मांडायचे. मुन्सफसाहेबांची मान दुखून यायची आणि दाजींचे खटले इतरांपेक्षा लवकर निकाली निघायचे. मी नेमका उलट्या घडणीचा. मास्तरकी पत्करली तीच मुळी शाळेत खुर्ची असते म्हणून. अजूनही कुणी "चला, पाय मोकळे करून येऊ" म्हटलं की मला आधी वाटेतल्या सावल्या आठवतात.

तर असा हा माणूस हैदराबादच्या कौन्सिलला उभा राहिला. अक्काला बातमी सांगितली तेव्हा ती ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "उभं ऱ्हायचं तेवढं जमंल त्यांना. पण निवडून आल्यावर तिथं बसावं लागतं म्हणं!"

निजामाच्या राज्यात साध्या माणसाला मत नव्हतं. वकिलांचा म्हणून एखादा माणूस कौन्सिलात जाई, आणि त्याला मत द्यायचं तेही वकिलांनीच. गेवराईत दाजी धरून वकील चार. दोघांशी दाजींचं बोलणं नव्हतं आणि तिसऱ्याला ऐकू येत नव्हतं. दुसरा कुणी असता तर बीडच्या, औरंगाबादच्या वकिलांच्या घरी चहापाण्याला गेला असता. दाजी निघाले उमापूरच्या बाजाराला. मी म्हणालो, "अहो दाजी, तिथं मत कुणाला आहे?"

"मत न्हाई, पण तक्रार हाय ना?" दाजी चालता चालता म्हणाले. "तक्रार इथं, मत तिथं. मधलं अंतर कुणीतरी चालायला पायजे का न्हाई?"

कोटाच्या आतल्या खिशात त्यांचा जाहीरनामा असे. पहिलं कलम असं, की माणसाचा अंगठा ज्या कागदावर घ्यायचा तो कागद आधी त्याला कळेल अशा बोलीत वाचून दाखवावा, कारण कचेरीतलं सगळं उर्दूत आणि अंगठे सगळे मराठीत. हे कलम कधी बदललं नाही. बाकीची मात्र त्यांच्यासारखीच फिरती. बीडला रेल्वे आलीच पाहिजे हे ठरलेलं, पण ती कुठून यावी हे ज्याच्या-त्याच्या म्हणण्यावर. उमापूरच्या व्यापाऱ्यानं मागितली म्हणून ती उमापूरवरून गेली. पुढं एका धनगरानं विचारलं, "वकीलसाहेब, माजी मेंढरं रुळाखाली गेली मंजे?" तशी ती कोसभर बाजूला सरकली. तिथं एका बाईच्या कण्या वाळत घातल्या होत्या, तिच्या म्हणण्यावरून आणखी कोसभर. न आलेली रेल्वे इतकी हिंडताना मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. नगरच्या इंग्रजी हद्दीवरच्या नाक्यावर माहेरच्या लुगड्यावर जकात घेऊ नये, मुलींच्या शाळेला पाण्याचा रांजण असावा, गेवराई-बीड रस्त्याला दोन्ही बाजूंनी लिंब लावावेत, अशी कलमं वाढत गेली. लिंबाच्या कलमाला माझा मनापासून पाठिंबा होता.

अडचण एकच. परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही असा हुकूम होता, आणि परवानगी मागितली तर ती येईपर्यंत उमेदवार म्हातारा व्हायचा. दाजींनी हुकूम तीनदा वाचला आणि त्यांना आनंदाचं भरतं आलं. बसून चार माणसं बोलली तर सभा, पण चालता चालता बोलली तर ती वाटेवरची माणसं! मग काय, दाजी पुढं, मागं गावकरी, आणि त्यांच्यामागं धापा टाकत पोलिसांचे अमीनसाहेब. अमीनसाहेब देहानं भारदस्त, आणि त्यांना घोडा नव्हता.

"वकीलसाब, ये जलसा है क्या?"

"जलसा? सभा कुठली? वाट हाय ही."

"तो जरा रुको तो सही!"

"थांबलो तर जलसा व्हईल, अमीनसाहेब. मला कायदा मोडायला लावता का?"

दोन आठवड्यांत अमीनसाहेब मागून बाजूला आले, आणि एकदा चकलांब्याच्या वाटेवर हळूच म्हणाले, "दो साल से हमारा घोडा मंजूर है, वकीलसाब. मगर आया नहीं." दाजींनी चालत्या पायीच पेन्सिल काढली आणि कलम लिहिलं, 'अमीनांस घोडा'.

अर्ज आणि जाहीरनामा बीडच्या कचेरीत दाखल करायचा शेवटचा दिवस उजाडला. दाजींचं लिहून संपेना म्हणून आम्ही शेवटच्या दिवसावर आलो होतो. पहाटेच बैलगाडी जुंपली. गाडीत मी आणि भाकरीचं गठुडं, गाडीशेजारी दाजी, मागं अमीनसाहेब. अक्का दारात उभी राहून म्हणाली, "आज तरी येळंवर पोचा." एवढंच म्हणाली, पण तिनं दाजींचा कोट आदल्या दिवशी स्वतः धुतला होता.

नदी ओलांडल्यावर विहिरीपाशी एक म्हातारी भेटली. चकलांब्याहून चालत आलेली, पायाला चिंध्या बांधलेल्या. "बाबा, बीड आजून किती हाय?"

"अर्धी वाट. कुणाकडं निघालीस, आजी?"

"भाच्याकडं. त्याला वाचाया येतंय. ह्यो कागद चार दिस झालं आलाय. पुतन्या म्हनतो सरकारी हाय, ठिवून दे."

"मग गेवराईत कावून न्हाई दावला?"

"तिथं समदे त्याच्याच वळखीचे."

दाजींनी कागद घेतला, पहिली ओळ वाचली, आणि विहिरीच्या कट्ट्यावर बसले. मांडी घालून, दोन्ही गुडघे खाली. मी गाडीतून पडायचा राहिलो. उर्दूतली एकेक ओळ वाचायची, मराठीत सांगायची, तिनं "पुन्यांदा सांग" म्हटलं की पुन्हा सांगायची. पुतण्यानं तिच्या अंगठ्यावर तिचं विहिरीकडचं शेत स्वतःच्या नावावर मागितलं होतं. हरकत असेल तर गेवराईच्या कचेरीत आज कचेरी बंद व्हायच्या आत नोंदवावी.

"त्यो अंगठा तर शिरगणतीचा म्हनला हुता!" म्हातारीचा आवाज फुटला. पाण्याला आलेली पाचसहा माणसं भोवती गोळा झाली. बसलेला उमेदवार आणि त्याच्याभोवती माणसं, म्हणजे सरळसरळ सभा. मी अमीनसाहेबांकडे पाहिलं. ते आमच्याकडे पाठ करून एका बाभळीकडे टक लावून उभे होते.

"दाजी, तिला उद्या नेऊ की," मी म्हणालो.

"उद्याचा न्हाई हा कागद. आजचा हाय."

"आपलाही आजचाच आहे!"

"म्हणून तर तू हायेस," असं म्हणून दाजींनी खिशातून अर्ज आणि जाहीरनामा काढून माझ्या हातात ठेवला. "सही केलेली हाय, कुणी नेऊन दिला तरी चालतो. म्हातारीला चालवत न्हाई, गाडी मी नेतो. तू आपला पायी जा. चालायला काय लागतं?"

म्हातारीला धरून दाजी गाडीत बसले. एका हातात कासरा, आणि उधळलेल्या घोड्यावर बसल्यासारखी दुसऱ्या हातानं त्यांनी गाडीची कड घट्ट धरली होती. गाडी गेवराईकडे फिरली आणि मी भाकरीचं गठुडं काखेत मारून बीडची वाट धरली.

पहिल्या लिंबाखाली मी बसलो तो चपलेतला खडा काढायला. दुसऱ्याखाली, तो खरंच निघाला का ते पाहायला. तिसऱ्याखाली भाकरी सोडली. चौथ्याखाली मी बसलोच नसतो, पण तिथला वारा फार चांगला होता. बीडच्या कचेरीत पोचलो तेव्हा चपराशी कुलपात किल्ली फिरवत होता. "सुबह आना," म्हणाला. मी म्हटलं, "सकाळी मुदत उरणार नाही." "तो फिर मत आना," तो म्हणाला, आणि किल्ली खिशात टाकून चालता झाला.

दुसऱ्या दिवशी गेवराईला परत आलो. म्हातारीची हरकत वेळेत नोंदवली गेली होती, आणि पुढं ते शेत तिच्याच नावावर राहिलं. मी म्हणालो, "कचेरी लवकर बंद झाली हो." अक्का माझ्या मागं आली आणि माझ्या धोतराला चिकटलेली लिंबाची वाळकी पानं एकेक करून काढू लागली. दाजींनी पानं पाहिली, मग माझे पाय पाहिले. म्हणाले, "लई चाललास. पाय दुखत असतील. बस."

त्यापेक्षा कुणी मला काठीनं मारलं असतं तरी चाललं असतं.

पुढं दाजींचे पाय गेले. दिवसभर बाजेवर पडून राहावं लागे, आणि पडून त्यांना काही सुचत नसे. मी गेलो की म्हणायचे, "तू चाल रं जरा, म्हणजे मला सुचंल." मी अंगणात येरझारा घालायचो आणि ते माझ्या पायांकडे बघत कलमं सांगायचे. रेल्वे अजून आलेली नव्हती, तरी त्यांनी ती आणखी दोनदा सरकवली. त्यांच्या शेवटच्या दिवसांतली एक संध्याकाळ आठवते. डोळे मिटून त्यांनी विचारलं, "किती झालं रं चालून?"

मी म्हणालो, "नदी ओलांडली असंल, दाजी."

"मग अर्धीच वाट ऱ्हायली. दमला असशील. बस जरा."

मी बसलो नाही.