शेताचं कूळ

कूळ म्हणजे घराणं, एवढंच मला ठाऊक होतं, आणि त्या अर्धवट अकलेवर मी सासऱ्यांचं भातशेत देवाच्या नावावर करून बसले. कूळकायदा नुकताच आला होता. शेत खोताचं, पण पिढ्यान् पिढ्या कसणारे आम्ही. तलाठ्याच्या वहीत कूळ म्हणून सासऱ्यांचं नाव लागलं, तरच ते आमचं होणार होतं.

तलाठी घाटावरून नवीनच आलेला. सासरे आगरदांड्याला गेले होते. बांधावर मी एकटी; डोक्यावर पदर आणि जिभेवर तोरा.

"इथं कूळ कोण?" त्यानं विचारलं.

मला वाटलं, कुळाचा देव विचारतोय. "हरिहरेश्वर," मी ऐटीत सांगितलं.

"किती वर्षांपासून?"

"सात पिढ्या झाल्या."

त्यानं मान वर न करता लिहून घेतलं. संध्याकाळी मी ही हुशारी जेवताना सांगितली, तेव्हा सासऱ्यांचा घास हातातच राहिला. सकाळी शेजारचे दोघे साक्षीला घेऊन ते चावडीवर गेले. तलाठ्यानं हसत हसत देव खोडला आणि त्यांचं नाव लिहिलं.

आता बोलणी खायची म्हणून मी दाराआड उभी. सासरे पाणी प्याले आणि म्हणाले, "सूनबाय, देवाला शेत द्यायचं तर देऊ, पन आधी आपलं तरी होऊ दे."