आमेन कोणी म्हणायचं

"आधी लाईट देऊन बघू. नाही जमलं, तर स्वरयंत्र काढावं लागेल," डॉक्टर म्हणाले. त्यांच्यासमोर बायोप्सीचा अहवाल होता. बायोप्सी म्हणजे दुखऱ्या जागेचा लहानसा तुकडा काढून तपासणं. अहवालात कार्सिनोमा ऑफ लॅरिंक्स असं लिहिलं होतं, म्हणजे स्वरयंत्राचा कॅन्सर.

शांतवन, माझे पती, माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी घोगऱ्या आवाजात एवढंच विचारलं, "मग गाता येईल का?"

डॉक्टरांनी लाईटच्या तारखा लिहायला घेतल्या. तेच उत्तर होतं.

भिवंडीतली आमची ख्रिस्ती मंडळी लहान. एका घराच्या ओटीवर उपासना व्हायची. पेटी नव्हती, त्यामुळे गीताची पहिली ओळ शांतवनच उचलायचे. पावसाळ्यापासून त्यांचा आवाज बसला होता. ते नारपोलीच्या एका कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारे मिस्त्री. कापसाची धूळ गेली असेल म्हणून आम्ही हळद-दूध आणि गुळण्या यांवर दिवाळी ओलांडली. तुमच्या घरात कुणाचा आवाज असा आठवडेच्या आठवडे बसलेला असेल, तर थांबू नका. डॉक्टरांना घसा दाखवा.

लाईट म्हणजे रेडिएशन, किरणांचा शेक. इस्पितळात सगळे त्याला लाईटच म्हणत. त्याने मानेची कातडी काळवंडली, थुंकी आटली, गाठ मात्र राहिली. मग ऑपरेशन झालं. लॅरिंजेक्टमी म्हणजे स्वरयंत्र काढून टाकणं आणि श्वासासाठी गळ्याला पुढून भोक ठेवणं. मी बाहेरच्या बाकावर बसून एकच मागत होते. प्रभू, यांचा आवाज ठेव.

आवाज गेला.

पाळकसाहेब घरी आले आणि म्हणाले, "रूथबाई, नकार हेसुद्धा उत्तरच असतं." ते भले गृहस्थ आहेत, पण त्या दिवशी मला त्यांच्याशी बोलावंसं वाटलं नाही. मी माझं मागणं कमी केलं. सगळा आवाज नको. एकदा, फक्त एकदा, यांनी काहीतरी म्हटलेलं मला ऐकू दे.

यांना पाटी आणून दिली. मी मुलींच्या शाळेत शिकवते, खडू घरात होताच. काही महिने पाटीवर संसार चालला. मग रिकरन्स झाला, म्हणजे आजार उलटला. या वेळी गाठी मानेत आल्या. डॉक्टर म्हणाले, "आता इथे ठेवून उपयोग नाही. घरी न्या. तुमच्या माणसांत राहू द्या."

घरी आणलं. बोटांत खडू धरवेना, पाटी खाटेखाली गेली. ते ओठ हलवत, मी "पाणी? उशी? औषध?" विचारत राही, आणि शेवटी ते डोळे मिटून घेत. भिंतीपलीकडे लूम चालू असायचे. आमच्या खोलीत तेवढाच आवाज होता.

भेटायला नेमाने यायचा तो गोविंद शेलार. यांच्याच खात्यात लूम चालवायचा. शिफ्ट सुटली की केसांत कापसाचे तंतू घेऊन तसाच यायचा, खाटेसमोर स्टुलावर बसायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. दोघे नुसते एकमेकांच्या तोंडाकडे बघत. हा मुका का बसतो, मला कळत नसे. एकदा मी चहा घेऊन गेले, तर गोविंद खांदे हलवून हसत होता आणि हेही हसत होते. आजारपणात मी यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"न्हाय, काय न्हाय."

"गोविंदभाऊ, सांगा."

"वहिनी, राग नका मानू. त्यो म्हणतो का, ही माझ्याशी वर्गातल्यासारखी वरडून बोलते. मी मुका हाय, बहिरा न्हाय."

मी चहा खाली ठेवला. ते शब्द यांचेच होते. चेष्टाही यांचीच.

"तुम्हाला कळतं ते काय म्हणतात?"

"लूम चालू असल्यावर कानात काय जातंय? आमी सगळी ओठावरच बोलतो. हा तर वीस लूमच्या पलीकडून मला शिव्या द्यायचा."

यांनी ओठ हलवले.

"म्हणतो, देवाच्या माणसाला खोटा पाडू नको. शिव्या न्हवत्या."

त्यानंतर गोविंद येईल त्या दिवशी आम्ही बोलू लागलो. दुखणं कुठे आहे, कूस कधी बदलायची, पाळकसाहेबांना लांबलचक बोलू देऊ नको. इतके दिवस जे ओठ मला नुसते धडपडताना दिसत होते, ते बोलत होते.

एका संध्याकाळी आमच्या कौटुंबिक प्रार्थनेची वेळ झाली, तेव्हा तो उठू लागला. यांनी त्याचा हात धरला. मी डोळे मिटले. थोड्या वेळाने गोविंदचा आवाज आला, हळू, अडखळत.

"परभू, आवाज दिलास, घेतलास, मी भांडत न्हाय. दुखतंय ते तुला म्हायती हाय. माझ्यामागं ही जेवायची न्हाय. पुस्तक घेऊन बसंल आणि चूल इझल. हिला येळेवर जेवू घाल."

मी डोळे उघडले.

"वहिनी, मगाशी तुमी डोळं मिटलं तवापास्नं त्यो ह्येच म्हणतोय. रोज ह्येच म्हणतो, म्हणला." मग त्याने यांच्याकडे पाहिलं. "आता आमेन म्हणला. मी म्हणू का?"

"म्हणा."

तो म्हणाला.

त्याच आठवड्यात शांतवन गेले. प्रार्थनेने ते वाचले नाहीत, त्यांच्या वेदना कमी झाल्या नाहीत. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना मी खोटी आशा देणार नाही. एवढंच सांगते, रुग्णासोबत काम केलेल्या माणसांना खाटेजवळ बसू द्या. मी मागितला तो आवाज कित्येक संध्याकाळी माझ्याच घरात येऊन, स्टुलावर बसून, निघून जात होता. तो शेलारचा असेल, असं मला वाटलं नव्हतं.

यांचं मागणं अजून बाकी आहे. ते माझ्याच हातून पुरं व्हायचं आहे, असं दिसतं. दिवेलागणीला मी पुस्तक मिटते, भाकरी करते आणि बसते. चव लागत नाही. तरी जेवते.