बक्षीस गाडीत मावंना

पोपटचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल काही चांगलं बोललोच तर ते झक मारत बोललो असं समजा.

मी शरद. पेणच्या कोर्टात दिवाणी दावे चालवतो, वडीलही तेच करायचे. आजोबांच्या काळी आमच्या जमिनी पार रोह्यापर्यंत होत्या असं घरात सांगतात. आता जमिनी गेल्या, घरात मास्तर आणि वकील तेवढे उरले. पोपट रोह्याच्या वाटेवरच्या निडीच्या आतल्या अंगाच्या एका गावचा, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातला. अलिबागला कायदा शिकून पेणला आला तेव्हा त्याला टेबल टाकायला जागा नव्हती. ती मी दिली, माझ्याच ऑफिसच्या पडवीत. आज पडवीत रांग असते आणि आत मी पंख्याकडे बघत बसतो. कुणी दारातून डोकावलं की मी सावरून बसतो, तर तो विचारतो, "पोपटवकील कधी येतील हो?"

बरं, माणसात बघावं तर आहे काय? कोट बाहीला विरलेला. डब्यात भाकरी आणि सुकट, आणि तो डबा बाररूममध्ये सगळ्यांच्या मधोमध उघडणार. नाव पोपट, पण बोलणं मोजून मापून. पक्षकार बोलायला लागला की हा दोन्ही हात टेबलावर ठेवून ऐकत राहतो. मधे बोलत नाही, घड्याळ बघत नाही, फोन उलटा करून ठेवतो. त्यात काय मोठंसं, असं मला वाटायचं. ऐकायला काय लागतं? दोन कान. ते मलाही आहेत.

पण लोक खुळे. हमरापूरचे मूर्तीकारखानेवाले आमच्या वडिलांपासूनचे पक्षकार. त्यांच्यातला एक गणपतीच्या आधी दरवर्षी आमच्याकडे मूर्ती पोचती करायचा. गेल्या वर्षी तो टेम्पो घेऊन आला, मी हात पुसत बाहेर गेलो, आणि त्यानं मूर्ती पोपटच्या टेबलावर ठेवली. मला म्हणाला, "साहेब, जरा पाट असला तर द्या." मी पाट दिला. घरचा, शिसवी पाट दिला.

लतिकाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "तुम्हाला मूर्ती हवी होती की पोपटचं नाक कापलेलं हवं होतं?" बायकोनं असं विचारू नये.

तर मुद्द्यावर येतो. वकिलानंच आपल्या पक्षकाराला फसवलं तर त्या माणसानं कुणाकडे बघायचं, म्हणून आमच्याकडच्या वकील मंडळींनी मिळून एक निधी काढला. तक्रार आली की चौकशी करायची, वकील लबाड ठरला तर पक्षकाराला भरपाई द्यायची आणि अहवाल वर, सनद देणाऱ्यांकडे, पाठवायचा. कल्पना चांगली. चौकशीला माणूस कोण, तर मी गृहीत धरलं होतं की माझंच नाव येणार. नाव आलं पोपटचं. माझं नाव त्याच्याखाली, 'सहाय्यक' म्हणून. कारण काय, तर माझ्याकडे गाडी आहे.

पहिलीच तक्रार हौसाची आली. निडी स्टेशनच्या बाजूला तिचा एक तुकडा आहे. पावसाळ्यात भात, हिवाळ्यात वाल. त्या तुकड्यावर तिच्या दिरांनी दावा लावला होता. रोह्याच्या हितेश नावाच्या वकिलानं तिची बाजू चालवली आणि जिंकून दिली. पुढे काही महिन्यांनी हौसानं सातबारा काढला तर त्यावर नाव हितेशचं. हितेशनं बक्षीसपत्र पुढे केलं: हौसानं स्वखुशीनं जमीन आपल्याला बक्षीस दिली, अंगठा आहे, फोटो आहे, नोंदणी आहे. "म्हातारीनं देताना दिलं, आता पोरं ओरडतात म्हणून पलटली," असं त्याचं म्हणणं. चौकशीत हौसाची तक्रार खोटी ठरली असती तर भरपाई गेलीच, आणि पुढे कोर्टात बक्षीसपत्र रद्द करून घ्यायचं म्हटलं तर आमचाच अहवाल तिच्या आडवा आला असता. त्या तुकड्याशिवाय तिला दुसरं काही नाही.

आम्ही माझ्या गाडीनं निघालो. चालवायला मीच. गाडी माझी, पेट्रोल माझं, आणि वाटेत ज्यानं त्यानं नमस्कार केला तो पोपटला. नागोठण्याला चहा प्यायलो तर चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत. माझेही नाही, पण ते पोपटमुळे.

हौसा दारातच उभी होती. अंगानं काटकुळी, आवाज मात्र शेताच्या पलीकडे जाईल असा. पोपटला खुर्ची दिली आत, मला म्हणाली, "तू बस वट्यावर. पानी देते." मला तू म्हणाली. बसलो ओट्यावर, दुसरं करणार काय. आतलं सगळं ऐकू येत होतं.

पोपटनं तिला कागद वाचून दाखवला आणि विचारलं, "आजी, ह्यो बक्षीसपत्राचा कागद. अंगठा तुमचाच?"

"व्हय."

"बक्षीस तुम्ही दिलंत?"

"दिलं की. खुशीनं दिलं. केस जिंकून दिली त्यानं."

"कुणी दमदाटी केली?"

"मला कोन दमदाटी करतंय?"

पोपटनं कागद पुन्हा चाळला. मग म्हणाला, "दिलेलं बक्षीस आता परत मागताय, असं आहे का?"

तर म्हातारी चिडली. "दिलेलं बक्षीस परत मागंल ती हौसा नाय. बक्षीस त्याला लखलाभ. माजा तुकडा मला पायजे."

झालं. हितेशनं पढवून बोलायला लावलं असतं तरी इतकं सोयीचं कुणी बोललं नसतं. पोपट पुढे काही विचारेना. त्याची रीत अशी की पक्षकाराच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत. त्यातून म्हातारी त्याच्याच गावाकडची, आपलं माणूस म्हणून झुकला असं कुणी म्हणायला नको. बोलली तसं लिहिलं, वाचून दाखवलं, अंगठा घेतला. बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, गुदगुल्या झाल्या. पहिलीच चौकशी आणि ऐकणाऱ्या कानांचा हा निकाल.

पोपट शेजाऱ्यांशी बोलायला गेला. मी गाडीपाशी उभा. हौसा मागोमाग आली आणि गाडीला एक फेरी मारून माझ्याशी गप्पा मारायला लागली, जशी काही जुनी ओळख. "लहान हाय रे तुजी गाडी. हितेश वकिलाची मोठी व्हती, तरी बक्षीस मावंना. मागची शीट पाडली तवा पोतं गेलं. आन कोंबडा पुढं बसला, त्याच्या बाजूला."

मी म्हटलं, "कोंबडा?"

"बक्षिसाचा. पोतंभर वाल आन एक कोंबडा. मंग त्यो म्हनाला, आजी, ह्याचा कागद करावा लागतो, नायतर मी लाच खाल्ली असं व्हईल. कचेरीत इचारलं तर सांग, खुशीनं दिलं म्हनून. म्या सांगितलं. खुशीनंच दिलं व्हतं."

मी गार पडलो. वकिलाच्या कानाला बक्षीस म्हटलं की जमीनच ऐकू येते. हौसाला बक्षीस म्हणजे कोंबडा आणि वाल. कचेरीत रीतसर विचारलं, तिनं खरं सांगितलं. पोपटनं रीतसर विचारलं, तिनं खरं सांगितलं. आणि 'कशाचं बक्षीस' हे कुणी विचारलंच नाही, कारण ते कागदावर होतं आणि कागदातली कोर्टी भाषा तिला समजली नव्हती.

पोपट परत आला. गाडीत बसला. मी काहीच बोललो नाही.

का नाही बोललो? सरळ आहे. तो दुसऱ्या दिवशी अहवाल देणार होता. हौसाच्या विरुद्ध दिला असता, उद्या कोर्टात कोंबड्याची गोष्ट बाहेर आली असती, आणि पेण ते रोहा सगळीकडे झालं असतं की पोपटचा पोपट झाला. मला नुसतं तोंड मिटून गाडी चालवायची होती. वडखळपर्यंत चालवली. तिथे पोपट म्हणाला, "दादा, म्हातारी खोटं बोलत नाय. पन माझं कुठंतरी चुकतंय. तुम्ही दिवाणीतले जुने, तुम्हाला काय वाटतं?" जुने म्हणाला. मला वाटतं काय ते मी गिअरला सांगितलं.

संध्याकाळी चहाबरोबर लतिकाला सगळं रंगवून सांगितलं, कोंबडा पुढच्या सीटवर वगैरे. ती हसली नाही. "आणि तुम्ही पोपटला सांगितलं नाहीत?"

"त्याचं त्याला कळेल."

"तुमचा जळफळाट पोपटवर आहे ना? मग त्यात म्हातारीचा तुकडा कशाला घालता?"

तिच्या बोलण्यानं मला पाझर फुटला असं लिहिता आलं असतं. पण तसं नाही झालं. मला एक वेगळंच टोचायला लागलं. गोष्ट शोधली मी, अख्ख्या चौकशीत कान उघडे होते ते माझे, आणि हे कुणाला कळणारच नाही? पोपट चुकला हे कळेल, पण मी बरोबर होतो हे कसं कळणार? तो विचार काही केल्या सहन होईना. सकाळी पोपट पडवीत अहवाल लिहायला बसला तेव्हा मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "पोपट, जमीन कधी गाडीत मावते का?"

सगळं सांगितलं तेव्हा त्यानं पेन खाली ठेवलं. मग हसायला लागला, इतका की डोळे पुसावे लागले. उठून माझे हात धरले. "दादा, म्हातारीचा तुकडा वाचवलात. मी बुडवला होता." मी म्हटलं, "हो, बुडवलाच होतास." त्यानं ते मान्य केलं, आणि माझी सगळी मजा गेली.

पुन्हा निडीला गेलो. ह्या वेळी पोपटनं विचारलं, "आजी, बक्षीस म्हणजे काय काय दिलंत?" तिनं कोंबड्याच्या रंगापासून सांगितलं. शेजाऱ्यांनी पोतं उचलायला हात लावला होता, त्यांनीही सांगितलं. हितेशला समोर बसवून कोंबड्याबद्दल विचारलं तेव्हा तो पाणी प्यायला लागला.

तक्रार खरी ठरली. सगळ्या वकिलांच्या बैठकीत पोपट उभा राहिला आणि म्हणाला, "चूक माझी होती. हे ओळखलं शरददादांनी. मी नाय." मी कोट नीट केला. टाळ्या झाल्या. आणि बाहेर पडताना जो तो काय म्हणत होता? "पोपटचं मन बघा किती मोठं. भर सभेत चूक कबूल केली." मी जिन्यात उभा. माझं श्रेयसुद्धा त्यालाच गेलं.

अहवाल वर जाणार म्हटल्यावर हितेश वठणीवर आला आणि जमीन परत करायला तयार झाला. रोह्याला कचेरीत कागद झाला. ह्या वेळी अंगठा द्यायच्या आधी हौसानं प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारला, पोपटनं सांगितला. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो.

बाहेर आल्यावर तिनं पिशवीतून वालाच्या शेंगांचं गाठोडं काढलं आणि पोपटच्या हातात दिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मग हळूच विचारलं, "ह्याला काय म्हनायचं रे? त्यो शब्द मी आता तोंडात घ्यायची नाय."

पोपट म्हणाला, "वानवळा म्हणा, आजी."

"वानवळा," ती म्हणाली. मग पिशवीत पुन्हा हात घालून तिनं दुसरं, लहान गाठोडं काढलं, माझ्याकडे आली आणि माझ्या हातावर ठेवलं. "आन हे तुला बक्षीस."

पोपट दचकला. "आजी, तो शब्द नको. तोंडात घेणार नाय म्हणालात ना आत्ताच?"

"वकिलाला नको," हौसा म्हणाली. "ह्यो काय वकील हाय? डायवरला बक्षीस दिलं तर चालतं. बेस गाडी हाकतो, आन म्हातारीचं ऐकून पन घेतो."

पोपटनं तोंड उघडलं. मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं, गाठोडं घेतलं आणि गाडीचं दार उघडून त्या दोघांना मागे बसवलं.