गोदा दोन्हीकडनं येते

एका रस्त्यावर, एका घड्याळावर किंवा एका देवावर भिस्त ठेवून निवांत झोपणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण माझे साडू त्यांतले नव्हेत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान कोपरगावाजवळच्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळत. मी तिथंच शेतकी खात्यात. पायजम्याला नाडी असली तरी हे वर इलॅस्टिक शिवून घेत. गावातल्या दोन्ही न्हाव्यांकडे आलटूनपालटून जात, त्यामुळे त्यांचं डोकं कुणीच आपलं मानत नसे आणि केस कायम दोन मतांचे दिसत. शिंगणापूरला शनीला तेल वाहून आले, की घराजवळच्या मारुतीलाही वाहायचे. का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "येक कामात आसला तर दुसरा बघंल." हे त्यांनी इतक्या सात्त्विकपणे सांगितलं, की दोन्ही देवांना राग आला नसावा.

एकदा आम्ही दोघं त्यांच्या मोटारसायकलवरून नेवाशाला लग्नाला निघालो होतो. निम्म्या वाटेवर त्यांनी गाडी हळूच कच्च्या रस्त्याला वळवली. मी म्हणालो, "साडूभाऊ, मुहूर्त टळेल." ते म्हणाले, "पलीकडचा रस्ता चालू हाय का, बघून ठिऊ. आडीआडचनीला लागतो." तो रस्ता उसातून, घासाच्या वाफ्यांतून, कुणाच्या तरी अंगणातून गेला आणि शेवटी प्रवरेच्या काठाशी निघाला. तिथं त्यांनी गाडी स्टँडला लावली आणि पाण्याकडे बघत उभे राहिले. पाणी संथ होतं, पलीकडे कुणी म्हशी धूत होतं. "चालू हाय," एवढंच ते म्हणाले. आम्ही पोहोचलो तेव्हा शेवटची पंगत उठत होती. नवरदेवाच्या वडलांनी चौकशी केली, तर हे समाधानानं म्हणाले, "यायला दोन रस्ते हायेत तुमच्याकडं. लई चांगलं ठिकान निवडलंत."

असा हा तंद्रीतला माणूस. चहा समोर आला की निवेपर्यंत त्याची वाफ बघायचे, आणि बोलता बोलता वाक्याच्या मध्येच कुठंतरी निघून जायचे. पण एका हंगामात त्यांची ही तंद्री पार मोडली. आमच्या वजनकाट्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद ऑफिसातल्या सर्व्हरवर होई, आणि माहिती साठवणारी मोठी पेटी होती पलीकडे जुन्या गोदामात. दोहोंच्या मध्ये एकच तार. ती एका दुपारी खारीनं कुरतडली. सर्व्हर गोठला, काटा थांबला, आणि बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली. उन्हात बैल जुवाखाली तसेच उभे. पाथर्डीकडची एक तोडणीवाली बाई गाडीच्या सावलीत तान्हं घेऊन बसली होती. साडू जवळून जाताना तिनं विचारलं, "सायेब, आजून किती येळ लागंल वो?" साडू तार धुंडाळत तसेच गोदामाकडे गेले. तार सापडून जोडेपर्यंत ऊन कललं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी चहाला हात लावला नाही, वाफेकडेही बघितलं नाही.

हंगाम संपताच त्यांनी दुसरी तार मागितली. आमचे एम.डी. साहेब म्हणाले, "एक चालतीय की. आणि दुसरी टाकायचीच, तर त्याच पाइपातून टाका." साडू नेहमीसारखेच हळू बोलले, पण हटले नाहीत. "त्याच पाइपातून टाकली तर दोन्ही संगंच तुटतील, साहेब. ही बागेकडून जाऊ द्या." साहेबांनी शेवटी कंटाळून हो म्हटलं. मग सर्व्हरला दुसरं कार्ड बसलं आणि तारेच्या दोन्ही टोकांना वेगळ्या जोडण्या झाल्या. सगळं जोडल्यावर मात्र सर्व्हरला एकाच्या जागी दोन पेट्या दिसायला लागल्या. मी घाबरलो. साडू म्हणाले, "येकच पाव्हना दोन दारांनी आत आला, की घरच्यांना दोन पाव्हने वाटतात. त्याला सांगाया लागंल, हा येकच हाय म्हनून." ते सांगण्यात त्यांचे पुढचे कित्येक दिवस गेले. दोन्ही वाटा एकत्र बांधून त्यांना एक नाव द्यायचं होतं. पुण्याहून आलेल्या कंपनीच्या माणसानं काहीतरी अक्षरं आणि आकडे सुचवले. साडूंनी 'गोदा' ठेवलं.

यातून घरी वेगळाच घोळ झाला. माझ्या मेहुणीनं मला अंगणात गाठलं आणि विचारलं, "दाजी, कारखान्यात गोदा कोन हाय?" मी म्हटलं, का? ती म्हणाली, "ह्ये फोनवर बोलत हुते. गोदा आता दोन्हीकडनं येती, म्हने. येक वाट बंद झाली तरी थांबायची न्हाई. आन् हासत हुते." मी खूप समजावलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "पेटीचं नाव आसं कुनी ठेवतं व्हय?" शेवटी साडूंनी तिला एका रविवारी कारखान्यात नेऊन गोदा दाखवली. दोन हिरवे दिवे लुकलुकत होते. मेहुणीनं ते नीट बघितले आणि खोलीत जाळी फार झाल्याचं सांगितलं.

पुढचा हंगाम भरात असताना जेसीबीनं गटारासाठी चर खणला आणि जुनी तार पाइपासकट उपटून निघाली. जेसीबीवाला पांढराफटक पडला. तुटलेला तुकडा हातात घेऊन तो ऑफिसात आला आणि म्हणाला, "साहेब, माझ्याकडनं तुमची लाइन तुटली." मी धावत काट्याकडे गेलो. तिथं एक गाडी वजन करून खाली उतरत होती, दुसरी चढत होती, पावत्या निघत होत्या. काट्यावरच्या कारकुनानं माझ्याकडे बघून विचारलं, "काय झालं?" त्याला काहीच कळलं नव्हतं. रांगेतल्या कुणालाच नव्हतं.

साडू कडुनिंबाखाली उभे होते. त्यांना तार तुटल्याचं मी सांगायच्या आधीच ठाऊक होतं. ऑफिसातल्या पडद्यावर दोनांतला एक दिवा विझलेला बघूनच ते बाहेर आले होते. मी म्हटलं, "साहेबांना सांगू या का, तुमच्यामुळं आज काटा चालू राहिला म्हणून?" ते गाड्यांकडे बघत राहिले. एक बाई रिकाम्या गाडीत उभी राहून बैल हाकत फाटकाबाहेर निघाली होती, दिवस चांगला वर असताना. "ऱ्हाऊ द्या पाव्हनं," ते म्हणाले, "ती लवकर घरला चाललीय." आणि त्यांचे डोळे भरून आले. जेसीबीवाल्याला त्यांनी चहा पाजला आणि मग तार जोडायला घेतली.

आता ते निवृत्त होऊन पुण्याला मुलीकडे राहतात. सातव्या मजल्यावर. तिथं करमत नाही असं ते म्हणत नाहीत, पण हंगाम सुरू झाला की दुपारचा त्यांचा फोन येतो. सुरुवातीला तब्येतीचं, नातीचं बोलतात. परवा बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "मोबाईल जरा खिडकीत धरता का?" माझ्या ऑफिसबाहेर उसाच्या गाड्या तळावर येत होत्या. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजत होत्या, कुणीतरी कुणाला हाळी देत होतं. हात भरून आला, तेव्हा मी फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि माझ्या कामाला लागलो. बऱ्याच वेळानं बघितलं, तर फोन अजून चालूच होता. तसाच राहू दिला.